आठव्या होलचं पाणी

ज्या माणसाने नोकरीभर लोखंडाला नापास केलं, त्याच्या ताब्यात गवत द्यायला नको होतं. पण आमच्या भोपाळच्या कारखान्याच्या गोल्फ क्लबाचं सेक्रेटरीपद घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं आणि ते निवृत्त होऊन इंद्रपुरीतल्या घरात रिकामे बसले होते. तपासणी विभागाचे प्रमुख म्हणून त्यांची कीर्ती अशी होती, की ते शॉपमध्ये शिरले की लेथवरचा माणूस आधी देवाचं नाव घ्यायचा आणि मग मशीन बंद करायचा. निवृत्तीनंतर काही दिवस त्यांनी घरातली आमटी नापास करून पाहिली. तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, स्वतः क्लबात फोन करून सांगितलं, "यांना काहीतरी काम द्या हो, नाहीतर मी माहेरी जाते."

मी त्यांच्याच विभागात, त्यांच्या हाताखाली. उज्जैनचा. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरी त्यांनी मला कार्यकारिणीत घेतलं. कारण विचारलं तर म्हणाले, "कमिटीत एक तरी माणूस खेळ न कळणारा हवा. तो मधे बोलत नाही." आमची माळव्याकडची मराठी त्यांच्या मते मराठी नव्हतीच, हिंदीला नेसवलेलं नऊवारी होतं. ते स्वतः सातारा जिल्ह्यातले, पण विचारलं की "पुण्याकडचे" म्हणून सांगायचे. पुण्याला याची काही कल्पना असेल असं वाटत नाही.

गोल्फ क्लब म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गालिच्यासारखी हिरवळ आली असेल. ती तिथेच राहू द्या. आमच्याकडे पावसाळा सोडला तर गवत पिवळंच असायचं, आणि त्यातलंही बरंचसं आजूबाजूच्या म्हशी आमच्याआधी येऊन खेळून जायच्या. चेंडू ज्या भोकात घालायचा, त्या भोकाभोवती मोठ्या शहरांत मऊ हिरवळ असते. आमच्याकडे वाळूत कारखान्याचं जळकं तेल कालवून, थापून केलेला काळपट सपाट चौथरा असायचा. त्याला म्हणायचं ब्राउन. त्यावरून चालून घरी आलं की बायका चपला दाराबाहेरच काढायला लावायच्या.

रोज सकाळी सेक्रेटरी गमबूट आणि गळ्यात टाय अशा वेषात मैदानावर यायचे. टाय कारखान्याचा, गमबूटही कारखान्याचेच. खिशात गवंड्याकडे असते तशी पाणसळ. ती प्रत्येक ब्राउनवर ठेवायची, गुडघे टेकून आतला बुडबुडा बघायचा आणि जाहीर करायचं, "नापास." मग माळी पुन्हा वाळू ओढायचा, पुन्हा थापायचा. तोवर खेळणाऱ्यांनी थांबायचं. एकदा कारखान्याचे मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले, त्यांनाही थांबवलं. साहेब म्हणाले, "अरे भई, हमें गोल्फ खेलना है, टर्बाइन नहीं बिठानी।" सेक्रेटरी न उठताच म्हणाले, "सर, टर्बाइन के टाइम भी आप यही बोले थे।" साहेबांनी पुढची वीस मिनिटं आकाश बघण्यात घालवली.

ते स्वतः कसे खेळायचे, हे विचारू नका. त्यांचा चेंडू सरळ गेलेला मी पाहिलेला नाही. पण नियम त्यांना तोंडपाठ होते, आणि खेळ येणं व नियम येणं यांत ते नियमांना वरचा मान द्यायचे.

दुसरी त्यांची खासियत म्हणजे "तात्पुरतं". ते भोपाळला तरुणपणी नोकरीवर आले ते तात्पुरते. इथे मुलगा झाला, शिकला, त्याचं लग्न झालं, तो पुण्याला नोकरीला गेला, अंगणातल्या आंब्याला फळं येऊन शेजाऱ्यांशी त्यावरून भांडणंही होऊन गेली, तरी कोणी विचारलं की यांचं ठरलेलं उत्तर, "आम्ही इथले नाही. तात्पुरते आलोय." सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, कारण हलवताना परत घालावं लागलं असतं. "याच तात्पुरत्या घरात मी साठीची झाले," काकू आल्यागेल्याला चहा देताना सांगायच्या. त्यांच्या आवाजात तक्रार नसायची, नुसती माहिती असायची.

या माणसाने भोपाळमध्ये एकच गोष्ट कायमची म्हणून केली होती, ती म्हणजे आठवा होल. ते नोकरीला लागले तेव्हा मैदानाला आठच होल होते. गोल्फच्या मैदानाला नऊ तरी लागतात. आठ होलचं मैदान म्हणजे दोन चाकांची ऑटोरिक्षा, उभी दिसते पण कुठे नेत नाही. बाहेरच्या कारखान्यांचे संघ म्हणूनच आमच्याकडे खेळायला येत नसत. मग यांनी चार तरुण अभियंते गोळा करून, नाल्याकडच्या सखल भागातलं घाणेरीचं रान रविवारी रविवारी स्वतः तोडलं, दगड वेचले, माती टाकली आणि नववा होल तयार केला. चालायच्या क्रमाने त्याला नंबर मिळाला आठ. "लग्नानंतरचे माझे सगळे रविवार त्या खड्ड्यात गेले," काकू म्हणायच्या. त्याच वर्षापासून आमच्याकडे वार्षिक सामना भरू लागला. त्या सामन्याच्या दिवशी हा माणूस नवा टाय घालायचा. ब्राउनही पास करायचा, पण तोंड कडू करून.

ते सेक्रेटरी असताना एका वर्षी ऑगस्टमध्ये पावसाने भोपाळच्या तलावांची सगळी हौस भागवली आणि उरलेलं पाणी आमच्याकडे पाठवलं. नाला एका रात्रीत मैदानावर चढला. दुसऱ्या दिवशी क्लबघरात स्नूकरचं टेबल पाण्यात पाय सोडून बसलं होतं, वेताच्या खुर्च्या व्हरांड्यातून निघून कुंपणाला अडकल्या होत्या, आणि ब्राउनमधलं तेल सुटून सगळ्या पाण्यावर इंद्रधनुष्यं तरंगत होती. सेक्रेटरी गमबूट घालून आले, काठावर उभे राहिले, आणि थोड्या वेळाने आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना आली, "आठव्या होलवर तात्पुरतं पाणी साचलं आहे. खेळ नियमानुसार चालू राहील."

इथे एक नियम सांगायला हवा. गोल्फमध्ये पावसाचं तात्पुरतं पाणी साचलेलं असेल आणि चेंडू त्यात गेला, तर तो बाजूला कोरड्यात ठेवून फुकट खेळता येतो. पाणी कायमचं असेल, म्हणजे तळं असेल, तर दंड पडतो. त्यामुळे आमच्याकडे कोणाला दंड पडला नाही. बाकीचं मैदान महिन्याभरात सुकलं, माळ्यांनी चिखल खरवडला, नवी वाळू थापली, ती नापास झाली, पुन्हा थापली. आठव्यावरचं पाणी मात्र हललं नाही. पितृपक्षात ते तात्पुरतं होतं, नवरात्रात तात्पुरतं होतं. दिवाळीला त्यात बगळे उभे राहू लागले, तेही बहुधा तात्पुरते.

कोणीतरी त्यात शिंगाड्याचे वेल सोडले होते. देवउठनी ग्यारसीला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, क्लबाच्या फाटकाशीच एक माणूस टोपली घेऊन बसला. सेक्रेटरींनी काकूंसाठी अर्धा किलो घेतले आणि सवयीने तपासणी सुरू केली.

"कहाँ के हैं?"

"आपके ही हैं साब। एकदम ताज़े, आठ नंबर वाले पानी के।"

"वो पानी टेम्पररी है।"

"तो साब, सिंघाड़ा कौन सा जनम भर रुकता है?"

शिंगाडे चांगले होते. मी खाल्लेत. त्यांनी एकही खाल्ला नाही.

वार्षिक सामना फेब्रुवारीत असायचा, म्हणजे पाणी काढणं भाग होतं. त्यासाठी समिती नेमली गेली. आमच्या वस्तीत तुम्ही दगड मारला तर तो निवृत्त अभियंत्याला लागतो आणि तो त्या दगडाचं वजन सांगतो. एका डबक्याभोवती असे डझनभर जमले. पंपवाल्यांनी पंप लावला, पाणी ओढलं, आणि मावठ्याने, म्हणजे हिवाळ्यातल्या पावसाने, ते परत भरून दिलं. बॉयलरवाल्यांनी एक योजना मांडली, ती त्यांच्या वयाकडे बघून कोणी खोडली नाही आणि ऐकलीही नाही. शेवटी सेक्रेटरींनी टाउनशिप बसवली तेव्हाचं जुनं ड्रॉइंग मिळवलं. डबक्यापासून नाल्यापर्यंत नाली खणायची, ड्रॉइंगमध्ये दिलेल्या पातळ्यांप्रमाणे उतार द्यायचा, पाणी आपोआप नाल्यात जाईल. सोपं काम. आठवडाभर मजूर खणत होते आणि हे प्रत्येक चार हातांवर पाणसळ ठेवत होते. नाली इतकी सुबक झाली की आमच्या कारखान्याने बाहेर पाठवलेल्या काही यंत्रांना तिची लाज वाटावी. आणि खरोखर आश्चर्य म्हणजे, पहिल्याच खेपेला त्यांनी ती पास केली.

उद्घाटनाला सगळे आले. काकू पेढे घेऊन आल्या. नारळ फुटला, नाल्याच्या तोंडाची फळी उचलली गेली आणि पाणी वाहू लागलं. टाळ्या पडल्या. मग हळूहळू थांबल्या.

"अहो," काकू म्हणाल्या, "पाणी आत येतंय."

"बाहेर चाललंय," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "उतार नाल्याकडे आहे."

"तो पाला बघा ना. नाल्यातून आपल्याकडे येतोय."

"पाला वाऱ्याने येतोय."

वारा नव्हता. आम्ही सगळे पाल्याकडे बघत होतो. झालं होतं ते एवढंच, की ड्रॉइंग निघाल्यापासून इतक्या वर्षांत नाल्यात गाळ साचत गेला होता आणि नाल्याचा तळ आमच्या खड्ड्यापेक्षा उंच झाला होता. केसाएवढा फरक पकडणाऱ्या त्या सगळ्या नजरांपैकी एकीनेही नाल्यात डोकावलं नव्हतं. हातात ड्रॉइंग असताना नाल्याकडे कशाला बघायचं? आमच्या कारखान्याची शिस्तच तशी. वस्तू आणि ड्रॉइंग जुळत नसेल, तर चूक वस्तूची.

वस्तीच्या वरच्या अंगाला एक तळं आहे, त्याची गळती त्या नाल्यात बारा महिने येते. ती आता शिस्तीत, योग्य वेगाने, सुबक नालीतून आठव्या होलवर येऊ लागली. नाली बुजवा म्हणून मी सुचवून पाहिलं. "बुजवायची म्हणजे चुकली असं मान्य करायचं," ते म्हणाले, "निरीक्षण चालू आहे." सामना दुसऱ्या गावी गेला. त्या दिवशी ते जुनाच टाय घालून आले, नालीच्या काठाने एक फेरी मारली आणि घरी गेले. मला वाईट वाटलं. हसूही येत होतं, ते मी घरी जाऊन हसलो.

खरं संकट होळीनंतर आलं. टाउनशिपच्या प्रशासनाने ठरवलं की नाल्याकडचा सखल भाग नाहीतरी वापरात नाही, तर भराव टाकून तिथे मॅरिज गार्डन करावं. भोपाळमध्ये मोकळी जमीन दिसली की ती मॅरिज गार्डन व्हायची वाट बघत असते, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. सेक्रेटरींना मात्र वाटलं. ज्या जागेचे दगड त्यांनी स्वतः वेचले होते, तिथे आता डीजेच्या तालावर नवरदेवाची घोडी नाचणार होती. ते तडक प्रशासनाच्या ऑफिसात गेले. मी बरोबर होतो.

"पानी टेम्पररी है," त्यांनी सांगितलं. "सूखते ही खेल चालू होगा। ये गोल्फ का मैदान है।"

टेबलामागचे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, "सर, टेम्पररी है तभी तो भर रहे हैं। तालाब होता तो हम हाथ भी नहीं लगा सकते थे। तालाब भरना मना है। सर्वे वाली मैडम मई में आएँगी, वो जो लिखेंगी, वही होगा।"

परत येताना ते स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. पिपलानीच्या चौकात सिग्नलला मीच म्हणालो, "सर, मग तळं म्हणून सांगून टाकू. मैदान नाही राहिलं तरी मांडव तरी उभा राहणार नाही."

"मी आजवर खोटा शेरा दिलेला नाही."

"खोटं कुठे आहे?" हे संध्याकाळी त्यांच्या घरी जेवताना काकूंनी विचारलं. "नाल्याचं पाणी आत येतंय, हे खरं आहे की नाही?"

ते ताटावरून उठले. मी तिथेच होतो, मला उठता येईना, कारण माझ्या पानात नुकताच भात पडला होता. पण मला त्या माणसाची पहिल्यांदाच काळजी वाटली. तळं म्हणायचं तर आपला आठवा होल आपल्याच तोंडाने बुडवायचा, आणि शिवाय भर वस्तीत सांगायचं की नाली उलटी झाली. नाही म्हणायचं तर वरात येणार. काकूंनी मला आणखी वरण वाढलं आणि म्हणाल्या, "हा माणूस मेला तरी चूक झाली म्हणणार नाही. मी याला ओळखते." मलाही तसंच वाटत होतं.

मे महिन्यात सर्वेवाल्या मॅडम आल्या. वयाने लहान, डोक्यावर ओढणी, हातात टॅबलेट. सगळं मैदान उन्हाने करपलेलं, आणि आठव्यावर पाणी निवांत पसरलेलं. त्यात दोन म्हशी. समितीचे झाडून सगळे अभियंते कडुलिंबाखाली उभे होते, काकूही आल्या होत्या. मॅडमनी विचारलं, "ये पानी टेम्पररी है या परमानेंट?"

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं. ते पाण्याकडे बघत होते.

"परमनंट," ते म्हणाले.

"ऑफिस में तो सर आप टेम्पररी बोल के आए थे।"

"गलत बोला था। आइए, दिखाता हूँ।"

ते मॅडमना नालीशी घेऊन गेले. आम्ही मागे. तिथे त्यांनी गुडघे टेकले, पाणसळ नालीच्या काठावर ठेवली आणि शिकाऊ पोरांना समजावायचे तसं सगळं नीट सांगितलं. नाल्याचा तळ वर आहे, खड्डा खाली आहे, पाणी इकडून आत येतं, बारा महिने येईल, भराव टाकलात तरी बाजूने फुटेल. मॅडमनी टॅबलेटवर लिहिता लिहिता विचारलं, "ये उल्टी नाली बनाई किसने?"

"मैंने।"

"और पास किसने की?"

ते उठले. गुडघ्यांची माती झटकली.

"मैंने ही की।"

मागे आलेले सगळे अभियंते एकदम कुठेतरी दुसरीकडे बघू लागले. मी काकूंकडे बघितलं. त्या पदराने तोंड पुसत होत्या, ऊन होतं म्हणून असेल. मॅडमनी मान हलवली आणि शेवटचं विचारलं, "नाम क्या लिखूँ तालाब का?" कोणी देवाचं सुचवलं, कोणी मोठ्या साहेबांचं. सेक्रेटरी म्हणाले, "आठ नंबर।"

मॅरिज गार्डन बागसेवनियाच्या पलीकडे कुठेतरी गेलं. आता तिकडचे लोक लग्नसराईत कानात कापूस घालून झोपतात. आमच्याकडे आठ होल उरले, लोक पहिल्यावरच दोनदा खेळून नऊ पुरे करतात. असल्या लबाडीचं सेक्रेटरीपद नको म्हणून यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी मुलाने बोलावलं म्हणून दोघं पुण्याला गेले. तळ्यावर टाउनशिपने नावाची पाटी लावली. संध्याकाळी तिथे भुट्टे मिळतात, पोरं काठावर बसून मोबाईलवर बोलतात. आठ नंबर म्हणजे कशाचा नंबर, हे कोणी विचारत नाही. भोपाळमध्ये अर्धे पत्ते नंबरांचेच असतात.

मात्र दर उन्हाळ्यात मला पुण्याहून फोन येतो. तब्येत कशी, मुलं कशी, असलं काही नाही. थेट प्रश्न, "तळ दिसतोय का?" कारण तळं एकदा पूर्ण आटलं की कोणीतरी नवीन सर्वे मागणार, याची त्यांना खात्री आहे आणि मलाही आहे. यंदा एप्रिलमध्येच मधला भाग उघडा पडला, चिखलाला भेगा गेल्या. मी खरं ते सांगितलं.

"नालीत गाळ बसला असेल," ते म्हणाले. "उपसून घ्या. उतार माझा आहे, पाणी आतच येईल."

आम्ही दोन माणसं लावून नाली उपसली. त्यांनी व्हिडिओ कॉल करायला लावला आणि मला नालीभर फिरवलं. जरा खाली धरा, डावीकडे, तो कोपरा पुन्हा दाखवा. काठावर ठेवलेल्या पाणसळीतला बुडबुडा दिसेना म्हणून माझी कानउघाडणीही झाली. मग उपसण्यासाठी लावलेली नाल्याच्या तोंडची फळी उचलली. पाणी आधी थोडं घुटमळलं आणि मग चिखलातून वाट काढत आत यायला लागलं. ऊन डोक्यावर आलं होतं, माझा हात अवघडला होता. ठेवू का फोन, असं मी विचारलं.

"थांबा जरा," ते म्हणाले. "येऊ द्या पाणी."